स्प्लिट पेनमध्ये स्प्लिट पेन: मापं नक्की कोण ठरवतं?

मागच्या काही भागांच्या खाली एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आला होता. विंडो मोठी केली की चुकीचाच भाग मोठा होतो. मधली पट्टी अर्ध्यावर ठेवायला सांगितली तरी ती डावीकडे जाऊन चिकटते. माझ्या मशीनवर सगळं नीट दिसतं आणि वापरणाऱ्याकडे पट्टी हलतच नाही. या सगळ्या तक्रारी एकाच ठिकाणाहून येतात, ते म्हणजे एका स्प्लिट पेनच्या पोटात बसवलेलं दुसरं स्प्लिट पेन. आज त्याच्या मापांबद्दल बोलू.

उदाहरण जावा स्विंगमधलं घेते, कारण जेस्प्लिटपेनचे नियम स्पष्ट आहेत आणि स्विंगवर चालणारी कामाची सॉफ्टवेअर आजही भरपूर आहेत. क्यूटी, जीटीके, डब्ल्यूपीएफवाल्यांनी उठून जाऊ नये. शेवटी तुमच्याकडेही येणार आहे, आणि हिशोब सगळीकडे जवळपास सारखाच आहे.

आधी उदाहरणातली विंडो समजून घेऊ. हे ॲप्लिकेशन दुरुस्तीसाठी माझ्याकडे आलं होतं. काम असं, की जुन्या हस्तलिखित नोंदवह्यांची पानं स्कॅन केलेली आहेत आणि ती पाहून ऑपरेटरने मजकूर टाइप करायचा. डावीकडे पानांची यादी, मध्ये पानाचं चित्र, उजवीकडे वर टाइप करायचा फॉर्म आणि फॉर्मच्या खाली चुकांची यादी. तारीख चुकली, वय रिकामं राहिलं, एकच नोंद दोनदा आली, तर ते या खालच्या यादीत दिसतं.

तक्रार अशी होती की चुका असलेली पानं तशीच पुढे जात आहेत. ऑपरेटर मुली निष्काळजी आहेत, असा निष्कर्ष वरच्यांनी काढूनही टाकला होता. प्रत्यक्षात त्यांच्या स्क्रीनवर चुकांच्या यादीची उंची शून्य झालेली होती. यादी भरत होती, पण दिसत नव्हती. एका पट्टीच्या जागेवरून माणसांच्या कामाबद्दल मत बनत होतं. म्हणून हा विषय मला फक्त सजावटीचा वाटत नाही.

आता मुद्द्याला येऊ.

दोनच वाटे

जेस्प्लिटपेनला दोनच मुलं असतात. डावं आणि उजवं, किंवा वरचं आणि खालचं. तिसरा भाग हवा असेल तर एका मुलाच्या जागी दुसरं स्प्लिट पेन ठेवायचं. आपल्या विंडोत अशी तीन आहेत. सगळ्यात बाहेरचं यादी आणि बाकीचं सगळं यांना वेगळं करतं. मधलं चित्र आणि उजवा रकाना यांना वेगळं करतं. सगळ्यात आतलं फॉर्म आणि चुका यांना वेगळं करतं.

नावांचा एक घोळ इथेच मिटवू. स्विंगमध्ये हॉरिझाँटल स्प्लिट म्हणजे भाग शेजारी शेजारी, डावीकडून उजवीकडे. मधली पट्टी मात्र उभी दिसते. नाव पट्टीच्या दिशेवरून दिलेलं नाही, भाग कसे मांडले आहेत त्यावरून दिलेलं आहे. क्यूटीतही तसंच आहे. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मा गोंधळ संपतो.

आता जमिनीच्या वाटणीसारखा विचार करा. आधी दोन भावांत वाटणी झाली. मग धाकट्याने आपला वाटा आपल्या मुलांत वाटला. मुलांना मिळालेला अर्धा हिस्सा हा सगळ्या जमिनीचा अर्धा नसतो. तो धाकट्याच्या वाट्याचा अर्धा असतो. आतल्या स्प्लिट पेनचं प्रमाण असंच असतं. त्याला आख्खी विंडो कधीच दिसत नाही, बाहेरच्याने दिलेली जागा तेवढी दिसते.

म्हणून रुंदी २०, ५० आणि ३० टक्के अशी हवी असेल तर आतल्या पेनला ०.५ देऊन चालत नाही. बाहेरचं प्रमाण ०.२. उरले ८० टक्के. त्या ८० पैकी ५० म्हणजे ०.६२५. हा आकडा आतल्याला द्यायचा. पडताळून पाहू. रुंदी १२०० पिक्सेल, पट्ट्यांची जाडी सध्या सोडून द्या. यादीला २४०, उरले ९६०. त्याचे ०.६२५ पट म्हणजे ६००, ते चित्राला. उरलेले ३६० उजव्या रकान्याला. बरोबर २०, ५०, ३०. तीन सारखे भाग हवे असतील तर बाहेर एक तृतीयांश आणि आत एक द्वितीयांश. दोन्हीकडे एक तृतीयांश लिहिलेला कोड मी बऱ्याच ठिकाणी पाहिला आहे, आणि तिथे शेवटचा भाग नेहमी सुजलेला दिसतो.

सुरुवातीची जागा आणि वाढीचा वाटा

दोन प्रश्न वेगळे ठेवा. पहिला, विंडो उघडताना पट्टी कुठे असेल? दुसरा, विंडोचं माप बदललं की वाढलेली किंवा कमी झालेली जागा कोणाच्या वाट्याला येईल? पहिल्याचं उत्तर डिव्हायडर लोकेशन देतं, दुसऱ्याचं रिसाइझ वेट. रिसाइझ वेटची सोय २००० मध्ये आलेल्या जावा १.३ पासून आहे. त्याची किंमत ० ते १ असते. ० म्हणजे सगळी वाढ उजव्या किंवा खालच्या भागाला. १ म्हणजे सगळी वाढ डाव्या किंवा वरच्या भागाला.

काहीच सांगितलं नाही तर किंमत ० असते. एकाच पेनमध्ये हे खपून जातं. नेस्टिंगमध्ये काय होतं ते पाहा. आपली १२०० ची विंडो १८०० केली, म्हणजे ६०० पिक्सेल वाढले. बाहेरचं वेट ०, म्हणून यादी २४० वरच राहिली आणि सगळे ६०० मधल्या पेनकडे गेले. मधल्याचंही वेट ०, म्हणून चित्र ६०० वरच राहिलं. सगळी वाढ उजव्या रकान्याला मिळाली आणि तो ३६० वरून ९६० झाला. उभ्या दिशेतही तेच. विंडो उंच केली की फॉर्म जागच्या जागी आणि चुकांची यादी मात्र लांबच लांब. थोडक्यात, डिफॉल्ट ठेवलं तर नेस्टिंगमध्ये सगळी कमाई उजव्या खालच्या कोपऱ्यात जमा होते. विंडो लहान केली तर तोट्याचा पहिला फटकाही त्याच कोपऱ्याला बसतो. आपल्या ॲप्लिकेशनमध्ये त्या कोपऱ्यात काय होतं? चुकांची यादी.

मग काय ठेवायचं? कामाकडे बघून ठरवा. ऑपरेटर मोठी विंडो कशासाठी करते? चित्र मोठं दिसावं म्हणून. यादीतला पानाचा क्रमांक वाचायला जास्त रुंदी लागत नाही. फॉर्मची रुंदी ठरलेली असते. म्हणून बाहेरच्याला वेट ०, म्हणजे यादी स्थिर. मधल्याला वेट १, म्हणजे सगळी वाढ चित्राला. आतल्या उभ्याला वेट १, म्हणजे उंचीची वाढ फॉर्मला आणि चुकांची यादी आपल्या उंचीवर. आता १८०० ला यादी २४०, चित्र १२००, उजवा रकाना ३६०.

काही ठिकाणी सगळ्यांनी प्रमाणात वाढायला हवं असतं. तेव्हा वेट म्हणून प्रमाणच द्या, बाहेर ०.२ आणि आत ०.६२५. १८०० ला यादी ३६०, चित्र ९००, उजवा रकाना ५४०. प्रमाण जसंच्या तसं राहिलं.

टक्केवारी सांगितली, पण कोणी ऐकलंच नाही

आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. सेटडिव्हायडरलोकेशन ही मेथड दोन प्रकारची आहे. पूर्णांक दिला तर तो पिक्सेल समजला जातो. ० ते १ मधला दशांश दिला तर तो प्रमाण समजला जातो. दशांशाचा प्रकार पेनची त्या क्षणाची रुंदी घेऊन गुणाकार करतो. विंडो अजून पडद्यावर आलेली नसेल तर रुंदी शून्य असते. शून्याचे वीस टक्के शून्यच. म्हणून कन्स्ट्रक्टरमध्ये लिहिलेली ती ओळ वाया जाते. स्विंगच्या अधिकृत कागदपत्रांत हे स्पष्ट लिहिलं आहे, पण तिथपर्यंत आपण सहसा वैतागल्यावरच पोचतो.

पुष्कळ जण मग ती ओळ सेटव्हिजिबलच्या नंतर, इनव्होकलेटरमध्ये टाकतात. एका पेनसाठी हे जमतं. नेस्टेड पेनमध्ये पुढचा खड्डा तयारच असतो, तो म्हणजे क्रम.

समजा विंडो उघडली आणि पहिल्या मांडणीत मधल्या पेनला ८०० पिक्सेल मिळाले. आता तुम्ही लागोपाठ दोन ओळी लिहिल्या. बाहेरच्याला ०.२, मधल्याला ०.६२५. पहिल्या ओळीने बाहेरची पट्टी हलवायची विनंती नोंदवली. नवी मांडणी लगेच होत नाही, ती रांगेत थांबते. दुसरी ओळ चालते तेव्हा मधल्या पेनची रुंदी अजून जुनीच, ८०० आहे. त्याचे ०.६२५ पट म्हणजे ५००. मग खरी मांडणी होते, मधलं पेन ९६० चं होतं आणि वाढलेले १६० रिसाइझ वेटप्रमाणे वाटले जातात. वेट ० असेल तर चित्र ५०० आणि उजवा रकाना ४६०. वेट १ असेल तर चित्र ६६० आणि उजवा रकाना ३००. हवे होते ६०० आणि ३६०. दोन्ही वेळा चूक, आणि तीही वेगवेगळी. म्हणून हा दोष पकडायला वेळ लागतो.

उपाय सोपा आहे. बाहेरून आत जायचं आणि प्रत्येक पायरीनंतर मांडणी पूर्ण होऊ द्यायची. बाहेरची पट्टी ठेवा, विंडोवर व्हॅलिडेट बोलवा, मग मधली पट्टी ठेवा, पुन्हा व्हॅलिडेट, मग आतली. आणखी एक गंमत बघा. वेट ०.६२५ असतं तर ५०० मध्ये १६० चे १०० मिळून बरोबर ६०० झाले असते. वेट आणि प्रमाण एकच असेल तर क्रमाची चूक आपोआप झाकली जाते. म्हणूनच काहींच्या कोडमध्ये हा त्रास कधी दिसत नाही आणि वेट बदललं की अचानक सुरू होतो.

विंडो उघडताच पूर्ण पडदाभर करायची असेल तर आणखी जपा. विंडो मोठी करण्याची आज्ञा काही प्रणालींवर लगेच अमलात येत नाही. तुम्ही लहान मापावर प्रमाण लावता आणि मग विंडो मोठी होते. तेव्हा कंपोनंट लिसनर लावून खरं माप आल्यावर एकदाच पट्ट्या ठेवाव्यात आणि तो लिसनर काढून टाकावा.

मला स्वतःला मात्र दुसरा रस्ता आवडतो. टक्केवारीच्या मागे न लागता प्रत्येक भागाला योग्य प्रिफर्ड साइझ द्यायची, वेट नीट ठेवायचं आणि विंडोला पॅक करायला सांगायचं. पट्टीची जागा तुम्ही ठरवली नसेल तर जेस्प्लिटपेन मुलांच्या प्रिफर्ड मापावरून ती ठरवतं, आणि जागा कमी जास्त असेल तर फरक वेटप्रमाणे वाटतं. यात वेळेचा आणि क्रमाचा प्रश्नच येत नाही.

इथे दोन गोष्टी सांभाळा. जेटेबल स्क्रोल पेनमध्ये ठेवला की तो मुळात ४५० बाय ४०० पिक्सेल जागा मागतो, त्यात दोनच ओळी असल्या तरी. आपल्या चुकांच्या यादीने ४०० उंची मागितली तर फॉर्मला काय उरणार? सेटप्रिफर्डस्क्रोलेबलव्ह्यूपोर्टसाइझ वापरून ती मागणी कमी करा. दुसरी गोष्ट चित्राची. स्कॅन केलेलं पान ३००० पिक्सेल रुंद असेल आणि ते साध्या लेबलवर लावून स्क्रोल पेनमध्ये ठेवलं असेल, तर स्क्रोल पेनही ३००० ची मागणी करतं. त्या स्क्रोल पेनला प्रिफर्ड माप स्वतः द्या.

पट्टी हलतच नाही

आता किमान मापाकडे येऊ, कारण आपल्या गोष्टीचं मूळ इथे आहे. माउसने पट्टी ओढताना ती कोणत्याही भागाला त्याच्या मिनिमम साइझपेक्षा लहान करू देत नाही. हे चांगलंच आहे. पण नेस्टिंगमध्ये किमान मापं बेरीज होत वर चढतात. शेजारी शेजारी असलेल्या पेनचं किमान माप म्हणजे दोन्ही मुलांची किमान रुंदी अधिक पट्टीची जाडी. वर खाली असेल तर रुंदी दोघांतली जी मोठी ती. सगळ्यात आतल्या एका हट्टी लेबलमुळे सगळ्यात बाहेरची पट्टी अडकू शकते.

आपल्या फॉर्मच्या तळाशी तीन बटणं होती. ‘जतन करा आणि पुढे चला’ अशा धाटणीची लांब नावं, प्रत्येक साधारण १४५ पिक्सेल रुंद. ती फ्लोलेआउटमध्ये होती. फ्लोलेआउट किमान माप काढताना सगळी बटणं एका ओळीत धरतो आणि मध्ये व दोन्ही कडांना ५ पिक्सेल सोडतो. तीन गुणिले १४५ म्हणजे ४३५, अधिक चार फटींचे २०, एकूण ४५५. हे झालं उजव्या रकान्याचं किमान. चित्राचं किमान ४०० आणि यादीचं २०० ठेवलेलं होतं. पट्ट्या १० पिक्सेलच्या धरा. २०० अधिक १०, अधिक ४००, अधिक १०, अधिक ४५५. बेरीज १०७५.

प्रोग्रामरचा मॉनिटर १९२० रुंद. त्याच्याकडे ८४५ पिक्सेल खेळायला मोकळे. पट्ट्या लोण्यासारख्या सरकतात. आता ऑपरेटरचा लॅपटॉप पाहा. १३६६ बाय ७६८, आणि अक्षरं वाचता यावीत म्हणून विंडोजमध्ये १२५ टक्के स्केलिंग. २०१७ मध्ये आलेल्या जावा ९ पासून स्विंग हे स्केलिंग पाळतं, म्हणजे तुमच्या कोडला दिसणारी रुंदी १३६६ भागिले १.२५, साधारण १०९२. उंची साधारण ६१४. १०९२ मधून १०७५ गेले, उरले १७. ऑपरेटरची पट्टी १७ पिक्सेल हलते. तिच्या दृष्टीने ती हलतच नाही. बटणाचं नाव थोडं आणखी लांब असतं तर किमान मापं विंडोत मावलीच नसती, आणि मग पट्टी खरोखरच ओढता येत नाही.

यावर इंटरनेटवर मिळणारा झटपट उपाय म्हणजे सगळ्यांना किमान माप शून्य बाय शून्य. तोच इथे केला गेला होता. पट्टी मोकळी झाली खरी. पण त्याबरोबर चुकांच्या यादीलाही शून्य होण्याची मुभा मिळाली. ६१४ ची उंची, त्यातून मेनू, टूलबार आणि टास्कबार गेले. फॉर्मला जागा हवी म्हणून कोणीतरी पट्टी तळाला ओढली. ॲप्लिकेशनने ती जागा लक्षात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी तशीच उघडली. त्या मशीनवर बसणाऱ्या पुढच्या पाळीच्या मुलीला तर खाली अशी काही यादी असते हे माहीतच नव्हतं.

म्हणून किमान माप शून्य करताना भागागणिक विचार करा. चित्राला कमी चालेल, कारण ते स्क्रोल होतं. बटणांचं किमान माप शून्य करण्याऐवजी त्यांची मांडणी बदला, म्हणजे गरज पडल्यास ती दोन ओळींत बसतील. आणि ज्या भागात चूक, इशारा किंवा पैशाचा आकडा दिसतो, त्याचं किमान माप कधीही शून्य ठेवू नका.

ते माप पिक्सेलमध्येही लिहू नका. ओळींमध्ये लिहा. फॉन्टमेट्रिक्सकडून एका ओळीची उंची घ्या, तिला तीनने गुणा, टेबलाच्या डोक्याची उंची मिळवा. देवनागरीत हे जास्तच गरजेचं आहे. वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय. इंग्रजी अक्षरांवर बेतलेल्या उंचीत आपला मजकूर कापला जातो. टेबलाची रो हाइटही फॉन्टवरूनच ठरवा. तीच गोष्ट कन्नड, तेलुगू, बंगालीची. तुमचं ॲप्लिकेशन कोणत्या राज्यात कोणत्या लिपीत उघडेल हे पिक्सेलला ठाऊक नसतं, फॉन्टला असतं.

आणखी एक वाट बंद करायची राहते. पट्टीवर छोटे बाण येतात ना, वन टच एक्सपांडेबल नावाचे? त्यावर क्लिक केलं की भाग पूर्ण मिटतो, किमान माप काहीही असलं तरी. चुकांच्या यादीच्या पट्टीवर ते बाण ठेवू नका. ठेवायचेच असतील तर यादी मिटलेली असतानाही खालच्या स्टेटस बारवर चुकांची संख्या दिसली पाहिजे.

लक्षात काय ठेवायचं

वापरणाऱ्याने लावलेली मांडणी पुढच्या वेळी तशीच मिळावी, ही अपेक्षा रास्त आहे. रोज सकाळी तीन पट्ट्या ओढण्यात कोणाचा वेळ जाऊ नये. पण नुसता पट्टीचा आकडा साठवला तर अडचण येते. काल मोठ्या मॉनिटरवर चित्राची पट्टी १५०० वर होती, आज लॅपटॉपवर रुंदीच १०९२ आहे.

माझा नियम असा आहे: जो भाग स्थिर धरला आहे, त्याचं माप साठवा. यादी स्थिर आहे, तर यादीची रुंदी साठवा. उजवा रकाना स्थिर आहे, तर पट्टीची जागा साठवू नका, कारण ती डावीकडून मोजलेली असते. पेनच्या रुंदीतून पट्टीची जागा आणि जाडी वजा करा, जे उरतं ते साठवा. चुकांच्या यादीचंही तसंच, तिची उंची खालून मोजा. आणि जिथे सगळे भाग प्रमाणात वाढतात, तिथे प्रमाण साठवा.

परत लावताना आधी विंडोचं माप, मग बाहेरून आत, प्रत्येक पायरीला व्हॅलिडेट, आणि प्रत्येक आकडा किमान आणि कमाल मर्यादेत बसवून. विंडो खाली टास्कबारवर असताना किंवा पडद्यावर नसताना काही साठवू नका.

सोबत मेनूत ‘मूळ मांडणी’ असा एक पर्याय द्या. त्यामागे रिसेटटूप्रिफर्डसाइझेस ही मेथड आहे. ती फक्त त्याच पेनला लागू होते, पोटातल्या पेनला नाही. म्हणून तिन्ही पेनवर ती क्रमाने बोलवावी लागते, इथेही बाहेरून आत. फोनवर मदत करणाऱ्या माणसाला या एका पर्यायाचा किती आधार असतो, ते त्यालाच विचारा.

माउस नीट न चालवता येणाऱ्यांसाठीही एक सोय तयार आहे. स्विंगमध्ये साधारणपणे एफ ८ दाबलं की पट्टीवर फोकस जातो, बाणांच्या कळांनी ती सरकते, होम आणि एंडने टोकाला जाते. तुमच्या शॉर्टकटमध्ये एफ ८ दुसऱ्या कशाला दिलं असेल तर ही सोय नकळत बंद होते.

इतर टूलकिटवाल्यांसाठी

क्यूटीच्या क्यूस्प्लिटरमध्ये एकाच दिशेत कितीही मुलं ठेवता येतात. म्हणून यादी, चित्र आणि उजवा रकाना एकाच स्प्लिटरमध्ये बसतात, नेस्टिंग फक्त उभ्या भागासाठी. सेटसाइझेसला दिलेले आकडे उपलब्ध जागेत न बसल्यास परस्परांच्या प्रमाणात वाटले जातात. स्ट्रेच फॅक्टर मात्र एकटा वापरला जात नाही, त्याला सुरुवातीच्या मापाने गुणलं जातं. मुलं मिटण्याची परवानगी तिथे मुळातच चालू असते, म्हणून महत्त्वाच्या भागासाठी सेटकोलॅप्सिबल बंद करा. साठवायला सेव्हस्टेट आणि रिस्टोरस्टेट तयार आहेत.

जीटीकेच्या पेन्डला स्विंगसारखी दोनच मुलं, आणि प्रत्येकासाठी दोन वेगळे प्रश्न: वाढीत वाटा घ्यायचा का, आणि किमान मापाखाली जायचं का. ही विभागणी मला फार आवडते. डब्ल्यूपीएफमध्ये ग्रिडचे तारांकित रकाने प्रमाण सांभाळतात आणि ग्रिडस्प्लिटर ते बदलतो, तिथे मिनविड्थ आणि मिनहाइट विसरू नका. टीके इंटरच्या जुन्या पेन्डविंडोमध्ये प्रत्येक भागाला मिनसाइझ देता येतं, नव्या टीटीके प्रकारात वेट मिळतं.

आता चाचण्या. कोड पाठवण्याआधी या पाच गोष्टी करून पाहा. विंडो १०९२ बाय ६१४ ची करा आणि प्रत्येक पट्टी हलते का बघा. फॉन्ट दीडपट करा आणि पुन्हा तेच करा. विंडो पूर्ण मोठी करून परत लहान करा, पट्ट्या जागेवर येतात का बघा. प्रत्येक पट्टी दोन्ही टोकांना ओढून ॲप्लिकेशन बंद करा आणि परत उघडा. आणि शेवटची, मुद्दाम एक चूक टाइप करा आणि यातल्या प्रत्येक अवस्थेत ती डोळ्यांना दिसते का ते पाहा.

त्या ॲप्लिकेशनमध्ये शेवटी बदललं ते फारच थोडं. तीन वेट, एक किमान माप, बटणांची मांडणी, साठवण्याची पद्धत आणि स्टेटस बारवर चुकांचा आकडा. मुलींच्या कामाबद्दलचं मत बदलायला मात्र वरच्यांना मी त्या लॅपटॉपसमोर बसवून ती १७ पिक्सेलची पट्टी ओढायला लावली. आकड्यांपेक्षा ते लवकर पटलं.

पुढच्या भागात टेबलाच्या रकान्यांची रुंदी घेऊ. विषय याच घरातला आहे. तोवर तुमची एखादी जुनी विंडो उघडा, लहान करा आणि सगळ्यात आधी कोणता भाग गायब होतो ते बघा. काय सापडलं ते जरूर कळवा.